बारापैकी चार उपाशी

आलू पराठा, एक. वर लोणी, मोजून वीस ग्रॅम. दही, अर्धी वाटी. चहा नाही. वीस मिनिटांत संपवणे.

*

स्वयंपाकघराच्या भिंतीवर मराठी कॅलेंडर. बाहेर डिसेंबर, भिंतीवर ऑगस्ट.

*

गुग्गुळाच्या झाडाला हिवाळ्यात चीर देतात. चिरेतून डिंक पाझरतो, इतका हळू की बघत बसणाऱ्याला काही होताना दिसत नाही. चीर खोल गेली तर झाड मरतं.

*

एका मंत्रालयाच्या सेक्शनमध्ये तीस वर्षं नोकरी केलेल्या बाईंचं मत: रकाना रिकामा ठेवू नये.

*

स्टीलचा चपटा डबा. झाकणावर टोचून कोरलेलं नाव. पर्समध्ये मावतो.

*

३.१

*

वरच्या सहा गोष्टी एकाच दोरीत ओवलेल्या आहेत हे रेवतीला रविवारी दुपारी साडेबारा वाजता कळलं. तोवर तिला फक्त शेवटची, म्हणजे तो आकडा, महत्त्वाची वाटत होती. आकडा शुक्रवारी संध्याकाळी आला होता. सोमवारी तो चड्ढासाहेबांपुढे ठेवायचा होता.

रेवतीचं वय एकावन्न. माहेर पुण्याचं, पण दिल्लीत येऊन तेवीस वर्षं झालेली. नोएडाच्या सेक्टर त्रेसष्टमध्ये एका कंपनीत ती वनस्पतींच्या अर्कांवर काम करायची. तिचं काम सांगायला सोपं होतं. गुग्गुळात कोलेस्टेरॉल उतरवायला मदत करणारा एक भाग असतो. किती मदत करतो यावर जाणकारांची भांडणं आहेत, पण रेवतीचा प्रश्न त्या भांडणाच्याही अलीकडचा होता. तो भाग पाण्यात विरघळतच नाही. माणूस पूड गिळतो, आतडी ती जेमतेम ओळखतात आणि बरीचशी पूड जशी आली तशी पुढे निघून जाते. पोटात गेलेलं सगळं रक्तात जातं असं नाही. ते रक्तात जावं म्हणून सहा वर्षं रेवती त्याला लेसिथिनमध्ये गुंडाळत होती. लेसिथिन म्हणजे सोयाबीनच्या तेलातून निघणारा चिकट पदार्थ. तेलाशीही त्याचं जमतं आणि पाण्याशीही.

सहा वर्षांत एकवीस वेळा पूड बदलली. कधी ती गोळा व्हायची, कधी कॅप्सूल आतून फोडायची, कधी काचेच्या नळीत छान वागायची आणि माणसाच्या पोटात गेली की हात वर करायची. रेवतीच्या ओढण्यांना, केसांना, पर्सच्या अस्तरालाही धुपाचा वास लागला होता. मेट्रोत शेजारी बसलेल्या बायका विचारायच्या, "मंदिर से आ रही हैं?" सुरुवातीला ती समजावून सांगायची. आता नुसतं "हां" म्हणायची आणि डोळे मिटायची.

चड्ढासाहेब, म्हणजे कंपनीचे डायरेक्टर, माणूस वाईट नव्हता. जूनमध्येच त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं: "मैडम, तीन गुना. सादे पाउडर से तीन गुना खून में पहुँचे तो फैक्टरी आपकी. नहीं तो बंद करते हैं, कोई गिला नहीं."

तीन पट. म्हणून शुक्रवारचा ३.१.

*

हा आकडा कुठून आला ते सांगायला हवं.

नोव्हेंबरात बारा माणसं घेऊन छोटा अभ्यास झाला. रीतसर समितीची परवानगी, सेक्टरमधलं भाड्याचं क्लिनिक, एक डॉक्टर, दोन नर्स. दोन शनिवार, मध्ये चौदा दिवस. पहिल्या शनिवारी सगळ्यांना साधी पूड, दुसऱ्या शनिवारी रेवतीची नवी पूड. खरं तर अर्ध्यांना आधी नवी आणि अर्ध्यांना आधी साधी द्यायची असते, पण नवी पूड पहिल्या शनिवारपर्यंत तयारच झाली नाही, आणि क्लिनिक पुन्हा जानेवारीपर्यंत मिळणार नव्हतं. रेवतीने मान हलवली. सहा वर्षांपूर्वी ती यावर भांडली असती.

सकाळी उपाशीपोटी यायचं, ठरलेला नाश्ता खायचा, पूड घ्यायची, मग दिवसभर ठरल्या वेळी दंडातून रक्त. नाश्ता दोन्ही दिवशी तोच: वर दिला आहे. लोण्याचं कारण साधं आहे. असले पदार्थ चरबीच्या आधाराने आत शिरतात. दोन्ही दिवशी तेवढंच लोणी पोटात असेल तरच दोन पुडींची तुलना खरी.

माणसं जमवली प्रतीकने. प्रतीक रेवतीचा सहकारी, बत्तीस वर्षांचा, लातूरकडचा. यूपीएससीसाठी दिल्लीत आला, चार वेळा परीक्षा दिली, पाचव्या वेळी नोकरी धरली. बारा जण मिळता मिळेनात तेव्हा त्याने मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, आणि तिथून आठ जण मिळाले. त्यांच्या म्होरक्या द्वारकामावशी.

मावशी त्रेसष्ट वर्षांच्या. आयुष्यभर सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहिल्या, निवृत्तीनंतर मुलाकडे नोएडात आल्या. नात्याने कोणाच्याच मावशी नव्हत्या, म्हणून सगळ्यांच्या होत्या. कोलेस्टेरॉल थोडं वर होतं, अभ्यासात बसतील इतकंच. सह्या करताना त्यांनी एकेक पान बोट ठेवून वाचलं आणि प्रतीकच्या फॉर्ममधल्या दोन चुका काढून दिल्या.

शुक्रवारी आलेख आले तेव्हा पहिल्या शनिवारच्या बारा रेषांपैकी आठ बऱ्यापैकी वर चढलेल्या होत्या, आणि चार जमिनीला चिकटून सरपटत गेलेल्या.

"या चार अशा का?" रेवतीने विचारलं होतं.

"माणसामाणसात फरक असतो, मॅडम," प्रतीक म्हणाला. मग हसला. "तुम्हीच शिकवलंत."

तिने शिकवलं होतं खरं. तिने लॅपटॉप मिटला. लिफ्टमध्ये एकटी असताना तीन पूर्णांक एक असं एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं. आनंद व्हायला हवा होता. पाठ दुखत होती.

*

रविवार. द्वारकामावशींची शेवटच्या भेटीची एक सही राहून गेली होती. रेवती स्वतःच निघाली. बालूशाहीचा बॉक्स घेतला. आभाराचं काहीतरी न्यावं असं वाटलं. बाहेर हवा राखेच्या रंगाची. सोसायटीच्या गेटवरून समोरचा टॉवर दिसत नव्हता.

मावशींनी दार उघडलं, आधी सहीचा कागद घेतला, चष्मा लावून वाचला, सही केली, खाली तारीख घातली, आणि मगच म्हणाल्या, "बस गं. किती वाळलीयेस. जेवतेस का वेळेवर?"

"जेवते हो मावशी. घ्या, तुमच्यासाठी."

मावशींनी बॉक्स उघडला, वास घेतला, पुन्हा बंद केला आणि फ्रिजवर ठेवला. "चंद्र झाल्यावर खाईन. आज संकष्टी ना."

"हो का? माझ्या लक्षातच नाही."

"तुझ्या कधी असतं? आईचं सगळं पुण्यातच ठेवून आलीस." हे मावशी इतक्या मायेने म्हणाल्या की टोमणा लागायला जरा वेळ गेला. "चहा घेशील? मी नुसतं पाणी. मी कडक करते, साबुदाणा वगैरे काही नाही. पहिल्यापासून."

रेवती हो म्हणाली. मावशी आत गेल्या. आणि रिकाम्या दिवाणखान्यात, समोर बंद टीव्ही, त्यात स्वतःचं काळपट प्रतिबिंब, अशी बसली असताना रेवतीच्या डोक्यात, ती न मागता, एक वजाबाकी झाली.

संकष्टी महिन्याला एक. आज डिसेंबरची सात. एकोणतीस दिवस मागे.

नोव्हेंबरची आठ. शनिवार.

"मावशी."

"आलं घालू ना?"

"मावशी, मागची संकष्टी कधी होती?"

"मागची?" आतून भांड्याचा आवाज. "तुझ्या त्या क्लिनिकच्या दिवशीच की! पहिल्या."

रेवती उठून स्वयंपाकघराच्या दारात गेली. "मग तुम्ही नाश्ता..."

मावशी वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्याचं काही नव्हतं. उलट एक जुनं काम नीट पार पाडल्याचं समाधान होतं. "कळलं का तुला? नाही ना? तेच तर! मी, हेमलता, विठाबाई आणि ती नवीन कल्पना. चौघींचा उपास. सकाळी क्लिनिकच्या खालीच एकमेकींना म्हटलं, आता काय करायचं? कल्पना म्हणाली सांगून टाकू. म्हटलं, वेडी का तू? त्या पोरीने बारा माणसं जमवता जमवता जीव टाकलाय. आपण चौघी नाही म्हटलं तर तिचा दिवस फुकट जाईल. पूड घ्यायला काय हरकत आहे, औषध चालतं उपासाला. रक्त देऊ, पाहिजे तेवढं देऊ. फक्त पराठा नको. डबे होतेच आमच्याकडे. नर्स रक्ताच्या बाटल्या मांडत होती, तेवढ्यात चार पराठे चार डब्यांत. दहीसुद्धा. प्लेटा अशा लख्ख!"

"आणि फॉर्म? नाश्ता संपवला का, असा प्रश्न होता."

"प्रतीकने प्लेटा बघितल्या आणि टिक केली. म्हटलं कर बाबा. रकाना रिकामा राहिला की फाईल परत येते. तीस वर्षं तेच बघितलं." मावशींनी कपात चहा ओतला. मग रेवतीकडे पाहिलं, आणि ओतता ओतता थांबल्या. "का गं? काही बिघडलं?"

रेवतीला खोटं बोलता आलं असतं. तिने चहाचा कप घेतला आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"उपाशीपोटी ती पूड आत जातच नाही, मावशी. लोणी लागतं."

"अगं मग ती तुपाबरोबरच द्यायची ना आधीपासून!"

यावर रेवतीला हसू आलं. बराच वेळ आलं. मावशी काळजीने बघत राहिल्या.

*

घरी. रेवतीची मुलगी पूर्वी, अकरावीतली, डायनिंग टेबलवर पाय वर घेऊन बसलेली.

"पूर्वी, ते कॅलेंडर काढ."

"कौनसा?"

"भिंतीवरचं. ऑगस्टवर अडकलंय ते."

पूर्वीने काढलं. रेवतीने सप्टेंबर, ऑक्टोबर उलटले. नोव्हेंबर. आठ तारखेच्या चौकोनात इवलासा लाल गणपती आणि खाली दोन शब्द.

"संकष्टी मतलब?" पूर्वी मागून डोकावली. "वो मोदकवाली?"

"मोदकवाली वर्षातून एकदा. ही दर महिन्याला."

"हर महीने? यार." मग आईच्या चेहऱ्याकडे बघून ती जरा हलक्या आवाजात म्हणाली, "आई, क्या हुआ? कुछ गड़बड़?"

"एक तारीख ठरवताना मी छठ बघितली, गुरुपूरब बघितला, प्रदूषणाच्या सुट्ट्या बघितल्या, मेट्रोचं काम कुठे चाललंय तेसुद्धा बघितलं," रेवती म्हणाली. "हे एवढं बघितलं नाही."

*

आठ जण, नाश्ता खाल्लेले: १.७

चार जणी, पहिल्या दिवशी उपाशी: ५.९

बारांची सरासरी: ३.१

*

आठ जणांचा आकडा खरा. चौघींचा आकडा फुगलेला, कारण त्यांची साधी पूड उपाशीपोटी गेली होती आणि नवी पूड लोण्यावर. जमिनीला चिकटलेल्या चार रेषा या चौघींच्याच होत्या. रेवतीने नावांवर बोट ठेवून दोनदा पाहिलं, आणि तिसऱ्यांदा उगाच.

मग तिने आणखी एक भागाकार केला, जो करायची गरज नव्हती. साधी पूड पराठ्याबरोबर घेणारे आठ, साधी पूड उपाशी घेणाऱ्या चार. उत्तर साडेतीन आलं. माणसं वेगवेगळी, म्हणजे हिशोब कच्चा, पण साडेतीन. सहा वर्षांच्या लेसिथिनने जे एक पूर्णांक सात पट केलं होतं, ते वीस ग्रॅम लोण्याने साडेतीन पट केलं होतं. चड्ढासाहेबांची अट पराठ्याने पुरी केली होती.

तिने प्रतीकला फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"मॅडम, पराठे गेले कुठे मग?"

"डब्यात."

"माझ्या समोर? मी तिथेच उभा होतो!"

"तू प्लेटा बघत होतास."

"मॅडम, एक बोलू? फॉर्मवर टिक आहे. बारावर बारा. कागदावर सगळ्यांनी नाश्ता केलाय. चौघी काही कोणाला सांगायला जाणार नाहीत. उलट त्यांना वाटतंय त्यांनी आपल्याला मदत केली."

"हो."

"आणि टिक माझी आहे. उद्या तुम्ही सांगितलंत तर पहिला प्रश्न मलाच येणार."

"तारीख माझी होती. ते मी सांगेन."

"त्याने काय होणार मॅडम?" प्रतीकचा आवाज चढला नव्हता, थकला होता. "तुमची सहा वर्षं आहेत. माझी तीन. नवी पूड चांगली आहे, एक पूर्णांक सात काही वाईट नाही. फॅक्टरीत गेली की आपण पुढचा अभ्यास नीट करू. मोठा. तेव्हा खरा आकडा येईलच की."

रेवतीने याचा विचार केला नव्हता असं नाही. घरी येताना रिक्षात तिने नेमका हाच विचार, जवळजवळ याच शब्दांत, केला होता.

"प्रतीक, तीन पूर्णांक एक उद्या सांगितला की तो डब्यावर छापला जाणार. मग पुढच्या वर्षी कोणीतरी विचारणार, पुन्हा करून दाखवा. आपण पुन्हा लोण्याबरोबर करणार, एक पूर्णांक सात येणार. मग आपण कारण शोधणार. मग त्या कारणाला कारण. तो आकडा दहा वर्षं सांभाळत बसावं लागेल. मला आठवण ठेवावी लागेल कोणाला काय सांगितलं." ती थांबली. "माझ्यात तेवढं त्राण नाही रे."

"हे कारण आहे?"

"आणखीही आहेत. पण आज हेच मिळालं."

*

स्लाइड ४ (जुनी): नव्या पुडीने रक्तातलं प्रमाण ३.१ पट.

स्लाइड ४ (नवी): नव्या पुडीने रक्तातलं प्रमाण १.७ पट (आठ व्यक्ती). चार व्यक्ती पहिल्या दिवशी उपाशी असल्याने वगळल्या.

स्लाइड ५: नवी पूड उपाशीपोटी घेतल्यास काय होतं: माहीत नाही.

ही पाचवी स्लाइड तिने रविवारी संध्याकाळी केली, पुसली, पुन्हा केली. खरा प्रश्न तोच होता. कोलेस्टेरॉल वाढलं की माणूस पहिलं काय सोडतो? लोणी, तूप, तळलेलं. डॉक्टर तेच सांगतात. कोरडी पोळी, उकडलेली भाजी, आणि त्याबरोबर ही पूड. लोण्याशिवाय आत जाईल अशीच पूड त्या माणसाला हवी. सहा वर्षं तिने आपली पूड लोण्याच्या पराठ्याबरोबर तपासायची तयारी केली, कारण सगळे तसंच करतात. उपाशी माणसाला ती देऊन बघावी हे एका त्रेसष्ट वर्षांच्या बाईच्या संकष्टीने सुचवलं, तेही चुकून, आणि अर्धंच. चौघींनी उपाशीपोटी साधी पूड घेतली होती. त्याच चौघींनी उपाशीपोटी नवी घेतली तर?

तिने कॅलेंडरचं पुढचं पान बघितलं. जानेवारीची संकष्टी मंगळवारी. अंगारकी. त्या दिवशी चौघीच काय, अर्धं मंडळ उपाशी असेल.

*

सोमवार, अकरा वाजता. काचेची मीटिंग रूम. चड्ढासाहेब, एक फायनान्सवाला, प्रतीक, रेवती. हीटर चालू, तरी हात गार.

चौथ्या स्लाइडपाशी चड्ढासाहेबांनी पेन खाली ठेवलं. "शुक्रवार को तो मैंने तीन पॉइंट एक सुना था."

"जी. वह गलत था."

तिने सांगितलं. उपास, डबे, पराठे, रकाना, लोण्याचं साडेतीन. तारीख मी ठरवली होती, दिवस मी बघायला हवा होता, हेही सांगितलं. प्रतीक टेबलाकडे बघत होता. मग तो, कोणी विचारलं नसताना, म्हणाला, "टिक मैंने किया था, सर. प्लेट देखकर." आणि पुन्हा टेबलाकडे बघू लागला.

फायनान्सवाला हसला, चड्ढासाहेबांनी बघितल्यावर थांबला.

"मैडम," चड्ढासाहेब म्हणाले, "पूरे एनसीआर में अपना नंबर खुद घटानेवाली आप अकेली होंगी."

रेवतीने पुढची स्लाइड लावली.

"और यह पराठे का साढ़े तीन? फिर तो पराठा ही लॉन्च कर देते हैं." ते स्वतःच्या विनोदावर हसले नाहीत. पाचव्या स्लाइडकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. "छह साल बाद 'पता नहीं' की स्लाइड?"

"जी. लेकिन यही पता करना चाहिए था. जानेवारी में एक दिन है..." ती चुकून जानेवारी म्हणाली, जनवरी म्हणायचं राहिलं. "चार लोग चाहिए, एक दिन चाहिए. कमिटी से फिर से पूछूँगी."

चड्ढासाहेबांनी नाकावरचा चष्मा काढला आणि डोळे चोळले. तेव्हा रेवतीला दिसलं की तेही दमलेले आहेत. त्यांना हो म्हणायचं आहे, आणि म्हणता येत नाही.

"मैंने बोर्ड को तीन कहा है. एक पॉइंट सात मैं ऊपर नहीं ले जा सकता. आपको पता है." ते उठले. "फाइल ठीक से बंद कीजिए. सब लिखिए, जो हुआ. प्रतीक गमीज़ की टीम में जाएगा, आप भी पहली तारीख़ से. विटामिनवाली. बच्चे चबाते हैं, सोखने का झंझट नहीं."

दार हळूच बंद झालं. प्रतीकने प्रोजेक्टर बंद केला. पंखा थांबेपर्यंत दोघंही तिथेच बसून राहिले.

"चहा?" प्रतीक म्हणाला.

"चल."

*

दुपारी चार वाजता मावशींचा फोन.

"रेवती, मी सगळ्यांशी बोलले. अंगारकीला चौघी येतो. कोणाला काही खायचं नाही, डबे आणायचे नाहीत. विठाबाईचा मुलगा नाही म्हणत होता, त्याला मी बघते. तू फक्त वेळ सांग."

रेवती लॅबमध्ये उभी होती. समोर एकविसाव्या पुडीची बरणी, झाकणावर तिच्याच अक्षरात तारीख.

"मावशी, काम बंद झालं."

"बंद म्हणजे?"

"म्हणजे कंपनीने बंद केलं. आज सकाळी."

मागे मावशींच्या नातवाचं कार्टून चालू होतं, ते कोणीतरी बंद केलं.

"आमच्यामुळे?"

या प्रश्नाचं उत्तर हो होतं. नाही हेही होतं. पराठा खाल्ला असता तर चौघींचे आकडेही एक पूर्णांक सातच्याच आसपास आले असते, आणि काम याच सोमवारी, याच खोलीत, जरा कमी गंमतीने बंद झालं असतं. हे रेवतीला काल रात्रीच समजलं होतं आणि त्याने काहीच हलकं वाटलं नव्हतं.

"नाही हो. पूडच तेवढी होती. आणि कॅलेंडर मी बघितलं नाही."

"मी बघितलं होतं," मावशी म्हणाल्या. "बघितलं होतं आणि सांगितलं नाही. फाईल बंद करताना काय काय चुकलं त्याचा फॉर्म असेल ना तुमच्यात?"

"आहे."

"त्यात कारणाचा रकाना असेल."

"आहे."

"मग तो रिकामा ठेवू नकोस. आणि त्या प्रतीकचं नाव घालू नकोस, पोराचं करिअर आहे. लिही: चार महिलांचा उपास होता, त्यांनी तो संबंधितांना कळवला नाही. खाली सही मी करते. चौघींच्या आणते. कधी येऊ?"

"मावशी, त्याची गरज..."

"कधी येऊ ते सांग."

"बुधवारी या."

"बुधवारी अकराला येते." मग थोडं थांबून, अगदी वेगळ्या आवाजात: "ती बालूशाही चांगली होती गं. काल खाल्ली. चंद्र काही दिसला नाही, पण खाल्ली."

रेवतीने फोन ठेवला. फॉर्म उघडला. प्रतीकने सगळं भरून ठेवलं होतं: तारीख, क्रमांक, व्यक्ती चार. कारणाच्या रकान्यात फक्त एक उभी रेघ लुकलुकत होती. तिने मावशींचं वाक्य जसंच्या तसं टाइप केलं. मग त्याच्या आधी आणखी एक लिहिलं: अभ्यासाची तारीख ठरवताना दिवस पाहिला गेला नाही. 'गेला नाही' पुसलं. 'मी दिवस पाहिला नाही' असं केलं. खाली स्वतःचं नाव घातलं.

बरणी तिने कपाटात ठेवली. किल्ली प्रतीककडे दिली. हात धुतले, तरी वास राहिला.

*

नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी नोएडात धुरक्यामुळे चंद्र दिसला नाही. दिवसभर रक्त देऊन रांधायचं त्राण न उरलेल्या चौघींनी कॅलेंडरात छापलेली पुण्याच्या चंद्रोदयाची वेळ धरली आणि आपापल्या घरी डब्यातल्या त्याच गार पराठ्यांवर उपास सोडला.